सुईण आणायची कुठून?

३१ ऑगस्ट २०२५ च्या रात्री अफगाणिस्तानातल्या कुनार भागात भूकंप झाला. दोन हजारांहून अधिक माणसे गेली. मदतपथके निघाली, औषधेही निघाली. पण जखमी बायकांना हात लावायला परके पुरुष कचरत होते आणि पथकांत बाई डॉक्टर, नर्स अगदी मोजक्या. बायका उपचारांसाठी ताटकळल्याच्या बातम्या आल्या. उपकेंद्रात बाळंतपणे केलेल्या आपल्या वाचकांना याचा अर्थ फोड करून सांगायला नको.

ही टंचाई भूकंपाने आणलेली नाही. सप्टेंबर २०२१ पासून तिथे मुलींची शाळा सहावीला संपते. डिसेंबर २०२२ मध्ये त्यांना विद्यापीठेही बंद झाली. नर्सिंग आणि सुईणकामाच्या संस्था तेवढ्या उरल्या होत्या, त्यांची दारेही डिसेंबर २०२४ मध्ये लागली. बाईला बाईनेच तपासावे असा आग्रह धरायचा आणि तपासणारी बाई घडूच द्यायची नाही, असा हा तालिबानचा कारभार आहे.

यात काय बुडते आहे ते पाहा. २००२ च्या सुमारास त्या देशात एक लाख जिवंत जन्मांमागे १,६०० माता दगावत होत्या, असा अंदाज होता. २०२० साठीचा अंदाज ६२० च्या आसपास आला. मोजण्याच्या पद्धती वेगळ्या, म्हणून हे आकडे सैल हातानेच धरावेत. तरी दिशा खरी होती आणि तिच्यात सामुदायिक सुईणींचा वाटा मोठा होता. गावाने आपल्यातलीच एक मुलगी निवडायची, तिने सुरुवातीच्या काळात अठरा महिने शिकायचे आणि परत गावातच काम करायचे. गडचिरोलीत बंग दांपत्याच्या 'सर्च'ने नवजात बाळाची काळजी गावातल्याच बाईच्या हाती सोपवली, त्या वाटेच्या जवळची ही वाट. पण अशा मुलीला आधी शाळेची काही इयत्ता पार करावी लागते. सुईणीचा पुरवठा वर्गात सुरू होतो, दवाखान्यात नव्हे.

देणगीच्या जगात मात्र शिक्षणाची पेटी वेगळी आणि आरोग्याची वेगळी. देणगीदाराला पाटी लावायला भिंतही लागते. (हे आपल्याकडेही काही निराळे नाही.) ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान पुन्हा सत्तेवर आल्यानंतर परदेशी निधी अडला तेव्हा भिंती जागच्या जागी होत्या, थांबले ते पगार. पुढे रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीने ३३ रुग्णालयांतल्या कर्मचाऱ्यांचे पगार भरले. ती व्यवस्था २०२३ च्या ऑगस्टपर्यंत चालली.

पेट्यांची ही वाटणी ज्यांनी मानली नाही, त्यांचे काम आठवावेसे वाटते. सकीना याकूबी यांच्या संस्थेने तालिबानच्या पहिल्या राजवटीत घराघरांतून ८० गुप्त शाळा चालवल्या आणि शिक्षणाबरोबर आरोग्याचे कामही हाती घेतले. जपानी डॉक्टर तेत्सू नाकामुरा तर पेशावरला कुष्ठरोग्यांसाठी आले होते. अफगाणिस्तानातल्या २००० च्या दुष्काळात घाण पाण्याने आजारी पडलेली मुले पाहून त्यांनी विहिरी खणायला घेतल्या आणि २००३ पासून कुनार नदीवरून २५ किलोमीटरचा कालवा काढला. डॉक्टरचे हे काम नव्हे, असे कुणीतरी नक्की म्हटले असेल. डिसेंबर २०१९ मध्ये जलालाबादला त्यांची हत्या झाली. त्या कालव्यावर आजही शेती पिकते.

मग आपण काय करायचे? पुण्यात अफगाण विद्यार्थी वर्षानुवर्षे शिकत आले आहेत. त्यांच्या ओळखीतून दरी आणि पश्तू भाषांत धडे तयार करता येतील. घरात अडकलेल्या मुलीला शरीरशास्त्र फोनवर शिकवता येते. बाळंतपण मात्र पडद्यावर शिकता येत नाही, हेही आपल्यापेक्षा कोण जाणते? म्हणून ज्या सुईणी आज कामावर आहेत त्यांचा पगार चालू राहणे, ही आमच्या मते पहिली देणगी. आणि तिथल्या संस्थांचे मदतीचे प्रस्ताव वाचताना एका ओळीवर अडखळू नका. तिथे नर्सला दूरच्या गावी जायचे तर सोबत नात्यातला पुरुष, म्हणजे 'महरम', लागतो. त्याचे भाडे, त्याचे जेवण संस्थेच्या हिशेबात येते. ही नियमाची जबरदस्ती आहे, तिचा राग येतो, यायलाच हवा. पण ती रक्कम आरोग्याची नव्हे म्हणून खोडली, तर नर्स घरीच बसते आणि तिकडे वाट पाहणारी बाळंतीण एकटी पडते.