जेवणाच्या सुट्टींतली सभा

संघाची सभा म्हटली कीं कामकरी मंडळींच्या कपाळाला आठी पडते. दोष मंडळींचा नव्हे. एका कारखान्याच्या दारीं जेवणाच्या सुट्टींत भरलेली सभा आम्हीं पाहिली. सुट्टी अर्ध्या तासाची. पैकीं वीस मिनिटें अध्यक्षांची सूचना, तीस अनुमोदन, हारतुरे आणि पाहुण्यांची स्तुति यांत गेलीं. नमनालाच घडाभर तेल! ज्या खात्यांत उकाड्यानें माणसें घेरी येऊन पडतात त्याचा प्रश्न निघतो न निघतो तोंच भोंगा झाला. मंडळी उरलेली भाकर फडक्यांत बांधून कामावर गेली. तीं माणसें पुढल्या सभेस कशाला येतील?

हा अर्धा तास कोणीं दान दिलेला नाहीं. १८८४ च्या सप्टेंबरांत नारायण मेघाजी लोखंडे यांनीं मुंबईस गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या व सुमारें साडेपांच हजारांचा अर्ज सरकारच्या कमिशनपुढें ठेविला. रविवारची सुट्टी, दुपारीं अर्धा तास विसांवा, वेळेवर पगार, कामावर जायबंदी झालेल्यास मदत; मागण्या मोजक्या, अक्षरओळख नसलेल्यासही पाठ व्हाव्या अशा. १८९० सालीं रविवार मिळाला, १८९१ च्या कायद्यांत दुपारचा अर्धा तास आला. असा मिळविलेला वेळ पुढाऱ्यांनीं भाषणांत उधळावा, हें आम्हांस पटत नाहीं.

वाफसा असतो तोंवर पेरून घ्यावें, हें शेतकऱ्याच्या पोरास सांगावें लागत नाहीं. सुट्टींतल्या सभेस एकच प्रश्न असावा. आदल्या दिवशीं खात्याखात्यांत फिरून तो ठरवावा. चिटणिसानें दोन मिनिटांत तो मांडावा, आणि ज्याच्या अंगाला झळ लागली त्यानें आधीं बोलावें. मग कोणीं काय करावयाचें व कोणत्या वारापर्यंत, तें नांवानिशीं फळ्यावर लिहावें. पंधरा मिनिटांत आटपावें. भाकरीलाही वेळ हवा.

कोणी म्हणतील, आंखूड सभेंत पुढारी प्रश्न दाबतील. आमचा अनुभव उलट आहे. सभा लांबली कीं प्रथम बाया उठतात, कारण घरीं चूल आणि लेकरें वाट पाहत असतात. मग मागें उरलेले चारदोन पुरुष सर्वांच्या नांवानें ठराव करून मोकळे होतात! १८९० च्या एप्रिलांत लोखंडे यांच्या मोठ्या सभेंत दोन कामकरी स्त्रिया उभ्या राहून बोलल्या होत्या. आज किती संघांत बायांना तेवढा अवसर मिळतो? हिशेब आणि निवडणूक यांना मात्र घाई नको. त्यांसाठीं सुट्टीचा दिवस निराळा राखावा.

आणि पुढली सभा भरली कीं अध्यक्षांनीं तोंड उघडण्यापूर्वीं फळ्याकडे बोट दाखवून कोणीतरी विचारावें: मागल्या खेपेस ज्याच्या नांवापुढें काम लिहिलें होतें, त्यानें तें केलें काय?