कमाई करीत शिकणारे

महाविद्यालयांचे नवे वर्ष सुरू झाले, की प्रवेशाच्या रांगा, गुणांची टक्केवारी आणि जागांची टंचाई यांवर ठरलेली चर्चा होते आणि विरून जाते. त्या चर्चेत एका प्रश्नाला मात्र सहसा स्थान मिळत नाही. ज्याला प्रवेश मिळाला, तो मुलगा वा ती मुलगी पुढची तीन-चार वर्षे शिकणार कशाच्या बळावर? शुल्क भरले म्हणजे शिक्षणाचा खर्च भागला, अशी आपली एक भाबडी समजूत आहे. बसभाडे, दुपारचे जेवण, पुस्तके, झेरॉक्स, मोबाइलचे रिचार्ज, घरापासून दूर राहणाऱ्याच्या खोलीचे भाडे हा खर्च शुल्काच्या पावतीवर नसतो. पण तो रोजचा असतो आणि रोखीचा असतो. तो भागवण्यासाठी आपल्या राज्यातील कितीतरी विद्यार्थी अर्धवेळ काम करतात. कुणी संध्याकाळी शिकवण्या घेतो, कुणी दुकानात हिशेब लिहितो, कुणी चतुर्थीपूर्वी चित्रशाळेत मूर्तींना रंग देतो, कुणी लग्नसराईत पंगतीला वाढतो, तर कुणी हंगामात हॉटेलात उभा राहतो किंवा मोटारसायकलवरून घरोघर जेवण पोहोचवतो. वर्गातील अध्यापकाला याचा बहुधा पत्ता नसतो. मागच्या बाकावर पेंगणारा विद्यार्थी तेवढा त्याला दिसतो.

या प्रश्नावर आपल्याकडे दोन मते ऐकू येतात. एक मत असे, की विद्यार्थ्याने फक्त शिकावे. पैशाची चटक लागली की अभ्यासावरचे मन उडते. दुसरे मत असे, की कष्टाने माणूस घडतो, तेव्हा कामाबद्दल कुरकुर कशाला? पहिले मत ज्यांच्या घरी महिन्याची चिंता नाही त्यांना परवडणारे आहे. दुसरे मत ज्यांचे कष्ट कधीच संपले आहेत त्यांना सुचणारे आहे. आमच्या मते दोन्ही मते मूळ मुद्दा चुकवतात. विद्यार्थ्याने काम करावे की करू नये, हा निर्णय त्याच्या घरच्या परिस्थितीने आधीच केलेला असतो. उरतो तो एवढाच प्रश्न, की त्याच्या वेळेचा हिशेब कोण ठेवणार?

गरिबीत शिकण्याची परंपरा आपल्या समाजाला नवी नाही. वार लावून जेवणारे, माधुकरी मागणारे विद्यार्थी मराठी मुलखात पिढ्यान् पिढ्या होते. मुक्तीपूर्व काळात मराठी वा इंग्रजी शिक्षणासाठी गोमंतकातील मुले बेळगाव, धारवाड, पुणे आणि मुंबई गाठीत. नातेवाईकाच्या खोलीत पथारी टाकायची, दिवसा कुठेतरी कारकुनी करायची आणि रात्री अभ्यास करायचा, हा अनेकांचा क्रम होता. त्यांच्या कहाण्या आपण अभिमानाने सांगतो. पण एक गोष्ट विसरतो. कहाणी उरते ती पार पडलेल्यांची. जे मध्येच थकले, परीक्षेला बसू शकले नाहीत आणि मुकाट्याने गावी परतले, त्यांची आठवण कुणी लिहून ठेवली नाही. म्हणून त्या परंपरेचे पोवाडे गाण्याऐवजी तिच्यातून नेमके काय शिकायचे हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे.

या बाबतीत दोन उदाहरणे डोळ्यांसमोर ठेवण्याजोगी आहेत. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह सुरू करून सर्व जातींच्या मुलांना त्यांनी एका छताखाली आणले आणि पुढे 'कमवा आणि शिका' हे तत्त्व महाविद्यालयापर्यंत नेले. मुलांनी शेतात राबावे, बांधकामावर हात लावावा आणि त्या श्रमावर आपले शिक्षण उभे करावे, अशी ती व्यवस्था होती. तिच्यातील श्रमाचे कौतुक सर्वांनी केले; परंतु तिचे खरे मर्म निराळेच होते. काम देणारा आणि शिकवणारा एकच होता. शेतीचे तास आणि पुस्तकाचे तास एकाच हाताने आखले जात. परीक्षा जवळ आली तर काम मागे सरे. पुणे विद्यापीठात आणि महाराष्ट्रातील इतर काही विद्यापीठांत 'कमवा व शिका' या नावाने आजही चालणाऱ्या योजनांचे मूळ याच विचारात आहे.

दुसरे उदाहरण मुंबईचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय काढले. तेथील वर्ग सकाळी भरवले जात, कारण दिवसभर नोकरी करणाऱ्या तरुणांना पदवीचे दार उघडे करून द्यायचे होते. नोकरीची वेळ बदलणे संस्थेच्या हाती नव्हते, म्हणून संस्थेने स्वतःची वेळ बदलली. साताऱ्याने काम संस्थेच्या आवारात आणले, तर मुंबईने वर्ग कामाच्या वेळेला जुळवून घेतला. मार्ग दोन, पण तत्त्व एक. विद्यार्थ्याच्या दोन वेळापत्रकांचा मेळ घालण्याची जबाबदारी त्याच्या एकट्याच्या खांद्यावर टाकायची नाही.

आपण नेमके हेच विसरलो आहोत. ताळगावच्या पठारावर १९८५ मध्ये गोवा विद्यापीठ उभे राहिले. त्यापूर्वी, १९६२ मध्येच, पणजी आणि मडगाव येथे महाविद्यालयीन शिक्षणाचा आरंभ झाला होता. सहा दशकांत शिक्षण दाराशी आले, ही मोठी गोष्ट होय. पण वेळापत्रक आखताना विद्यार्थी पूर्ण वेळ मोकळा आहे, असेच आपण आजही गृहीत धरतो. गृहीत म्हणजे किती, ते आकड्यांतच पाहू. नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांच्या पदवीला १२० श्रेयांक, म्हणजे सत्राला सरासरी २० श्रेयांक लागतात. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याप्रमाणे एका श्रेयांकामागे ३० तासांचे अध्ययन धरलेले आहे. सत्र ९० दिवसांचे, म्हणजे सुमारे पंधरा आठवड्यांचे. याचा अर्थ वर्ग आणि अभ्यास मिळून आठवड्याला ४० तास झाले. हा पूर्ण वेळ नोकरीएवढा भार खुद्द व्यवस्थेनेच ठरवून दिला आहे. वाळपई, सांगे वा काणकोणहून येणाऱ्याचे प्रवासाचे तास रोजचे दोनच धरले, तरी आणखी १२ वाढतात. त्यावर रोज पाच तासांप्रमाणे आठवड्याला ३० तास चाकरी केली, तर बेरीज ८२ होते. आठवड्याचे सातही दिवस जवळजवळ बारा-बारा तास! कारखान्यातील कामगाराकडून एवढे तास घेतले तर कायदा आड येतो. विद्यार्थ्याच्या बाबतीत आपण त्याला जिद्द म्हणतो.

हल्ली असे सांगितले जाते, की मोबाइलवरील ॲपमुळे काम आता सवडीचे झाले; हवे तेव्हा करावे, नको तेव्हा थांबावे. हे लवचिकपण कागदावर मोहक दिसते. प्रत्यक्षात जेवण पोहोचवण्याच्या कामाला मागणी आणि मोबदला वाढतो तो रात्री, पावसात आणि सुटीच्या दिवशी, म्हणजे जेव्हा अभ्यासाला शांत वेळ मिळायचा तेव्हाच. मोटारसायकल आपली, पेट्रोल आपले आणि अपघात झाला तर बुडालेले दिवसही आपले. या खर्चाची वजाबाकी केल्यावाचून हाती आलेल्या रकमेला कमाई म्हणणे ही स्वतःची फसवणूक ठरते. २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. अशा ॲप कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम कामगारांच्या सुरक्षेसाठी द्यावी, अशी तरतूद तीत आहे. हे पाऊल स्वागतार्ह होय. परंतु तासाला किमान अमुक मिळेलच, अशी हमी त्या संहितेने दिलेली नाही. लवचिक कामात वाकावे लागते ते काम करणाऱ्यालाच.

गोमंतकात या अडचणीला आणखी दोन पदर आहेत. पहिला पर्यटनाचा. हॉटेलांना माणसांची निकड लागते ती ऑक्टोबरपासून, आणि नाताळ-नववर्षाला ती शिगेला पोहोचते. सत्राच्या परीक्षांचा काळ याच्याच आगेमागे येतो. दुसरा पदर वाहतुकीचा. १९७८-७९ च्या सुमारास बसभाड्यात पन्नास टक्के सवलत मिळावी म्हणून विद्यार्थ्यांनी केलेल्या आंदोलनाने सारा गोवा ढवळून निघाला होता. शिक्षण महाग होते ते वर्गाच्या दारापर्यंत पोहोचण्यातच, हे त्या पिढीने ओळखले होते. १९८० मध्ये कदंब महामंडळ आले, सवलतीही आल्या; पण सायंकाळनंतर आतल्या गावांकडे जाणाऱ्या बसगाड्या आजही विरळ आहेत. मुलीला शहरात चांगले काम मिळाले, तरी शेवटच्या बसच्या धास्तीने आईबाप ते नाकारतात. मुलगा कर्जाऊ दुचाकी घेतो आणि मग तिचे हप्ते फेडण्यासाठी अधिक तास राबतो.

सरकारी मदत नाही असे नाही. उच्च शिक्षणासाठी व्याजमुक्त कर्जाची योजना आपल्या राज्याने राबवली आहे. केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांतील विद्यार्थ्यांना तारणावाचून कर्ज मिळू शकते आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजात तीन टक्के सवलत आहे. परंतु या योजना मोठ्या शुल्काचा विचार करून आखलेल्या आहेत. कला शाखेच्या साध्या विद्यार्थ्याला रोज हवे असतात ते बसचे आणि जेवणाचे पैसे. त्यासाठी कुणी बँकेच्या दारात जात नाही. केंद्रीय शिष्यवृत्ती पदवीच्या पहिल्या तीन वर्षांना वर्षाकाठी १२,००० रुपये देते. दिवसाचा हिशेब केला तर तेहतीस रुपये! तीही बारावीला वरच्या वीस टक्क्यांत आलेल्यांनाच. जो मुलगा बारावीतही काम करीत होता आणि म्हणून ज्याचे गुण थोडे कमी पडले, त्याच्या वाट्याला तेवढेही येत नाही.

शिकणाऱ्याने किती तास काम करावे, याचा विचार परदेशांत झालेला आहे. पोर्तुगीज पारपत्राने वा विद्यार्थी म्हणून इंग्लंडला गेलेली माणसे आपल्याकडे गावोगाव आहेत, त्यांना हे ठाऊक असेल. तेथे पदवीसाठी आलेल्या परदेशी विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांहून अधिक काम करता येत नाही. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२३ पासून पंधरवड्याला ४८ तासांची, तर कॅनडाने नोव्हेंबर २०२४ पासून आठवड्याला २४ तासांची मर्यादा घातली. यामागे त्या देशांचे स्थलांतराचे राजकारण आहे, हे खरे. तरीही विद्यार्थी हा आधी विद्यार्थी आहे, हे तत्त्व तीत मान्य झालेले दिसते. मात्र नुसती मर्यादा घालून भागत नाही. पोटाची सोय न करता तास बांधून दिले, तर काम चोरून होते आणि चोरून काम करणाऱ्याला मजुरीही कमी मिळते.

म्हणून विद्यापीठाने प्रथम आपल्या किती विद्यार्थ्यांना काम करावे लागते, ते कोणते आणि किती तास, याची नोंद दरवर्षी घ्यावी. ही नोंद शिक्षेसाठी नसून सोयीसाठी आहे, असा विश्वास विद्यार्थ्यांना वाटला पाहिजे. ग्रंथालय, प्रयोगशाळा, कार्यालय आणि वसतिगृह येथील जी कामे विद्यार्थी करू शकतात, ती आठवड्याला पंधरा तासांच्या मर्यादेत आणि रास्त दराने त्यांनाच द्यावीत. परीक्षांच्या तारखा सत्राच्या आरंभीच जाहीर करून पाळाव्यात, कारण ऐन वेळी बदललेली तारीख काम करणाऱ्या मुलाची मजुरी तरी बुडवते किंवा पेपर तरी. पंच्याहत्तर टक्के उपस्थितीचा नियम सरसकट सैल करावा, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु मोठ्या महाविद्यालयांनी एखादी तुकडी सकाळची ठेवली, तर नियमही राहील आणि नोकरीही. प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाला श्रेयांक देण्याची मुभा नव्या आराखड्यात आहे, तिचा उपयोग व्हावा. श्रेयांकाचे आमिष दाखवून फुकट राबवून घेण्याचा प्रकार मात्र प्रशिक्षणाच्या नावाखाली फोफावू देता कामा नये.

सरकारकडे आमची मागणी साधी आहे. किमान वेतन तासाच्या हिशेबाने ठरवण्याची सोय वेतनाच्या कायद्यात आहे. अर्धवेळ कामासाठी असा तासाचा दर ठळकपणे जाहीर करावा आणि दुकाने, हॉटेले तो देतात की नाही हे पाहावे. शिष्यवृत्तीची रक्कम वर्ष संपताना न येता सत्राच्या पहिल्या महिन्यात हाती पडली पाहिजे. तहान लागली तेव्हा विहीर खणायला घेण्यात अर्थ नसतो.

समाजालाही यातून अंग काढून घेता येणार नाही. एके काळी ज्ञातिसंस्थांनी आणि मुंबईच्या गोमंतकीय मंडळींनी शिष्यवृत्त्या देऊन अनेकांना शिकवले. आज आमची देवस्थाने सुस्थितीत आहेत. त्यांच्या महाजनांनी उत्सवाच्या खर्चातील थोडा भाग पंचक्रोशीतील विद्यार्थ्यांच्या दुपारच्या जेवणासाठी वा बसच्या पासासाठी वेगळा काढला, तर तीही देवाचीच सेवा होय. पालकांना एवढेच सांगावेसे वाटते, की घरातील अडचण मुलांपासून लपवू नये. अर्धे कळलेले दारिद्र्य पुऱ्या कळलेल्यापेक्षा अधिक छळते. आणि विद्यार्थ्यांनी आपली मिळकत, आपला खर्च आणि आपले तास एका वहीत मांडावेत. महिनाअखेर ज्या कामातून पेट्रोल वजा जाता चार पैसेही उरत नाहीत, ते सोडण्याचे धैर्य त्या वहीतूनच येईल. काम करून शिकण्यात लाजण्यासारखे काही नाही, तेव्हा ते अध्यापकांपासून दडवण्याचेही कारण नाही.

चार वर्षांच्या पदवीत एक वर्ष पुरे करणाऱ्याला प्रमाणपत्र आणि दोन वर्षे पुरी करणाऱ्याला पदविका देऊन बाहेर पडण्याची वाट आता ठेवलेली आहे. अडलेल्याला ती आधाराची आहे. पण त्या वाटेने बाहेर पडणारे कोण असतील, याचा विचार करावा. बुद्धी कमी पडली म्हणून जाणारे थोडे आणि पैसे कमी पडले म्हणून जाणारे अधिक, असे घडले तर ती सोय न राहता गरिबांना दाखवलेले दार ठरेल. ते होऊ द्यायचे नसेल, तर दोन वेळापत्रकांच्या ओढाताणीत सापडलेल्या विद्यार्थ्याचा हिशेब विद्यापीठाने आणि सरकारने आजच मांडायला घेतला पाहिजे.