कार्ड कुणाचंही चालतं, मग बॅटरी का नाही?

गेल्या लग्नसराईत पाथर्डी तालुक्यातल्या एका गावी निकाहला गेलो होतो. फोटो काढायला माझा भाचाच होता. नगरला त्याचा छोटासा स्टुडिओ आहे, घर त्यावरच चालतं. महिन्यापूर्वीच त्याने जुन्या बाजारातून एक कॅमेरा घेतला होता. त्यासोबत एकच बॅटरी मिळाली. पण आधीच्या कॅमेऱ्याच्या चार बॅटऱ्या घरात होत्या आणि कंपनी तीच, म्हणून तो निर्धास्त होता.

गावात सकाळपासून वीज नव्हती. काझीसाहेब बसले आणि नेमकी तेव्हाच बॅटरी संपली. पिशवीतल्या चारही बॅटऱ्या भरलेल्या होत्या, पण एकही खाचेत जाईना. "मामू, तुमचा मोबाईल द्या," एवढंच तो म्हणाला. निकाहचे फोटो मोबाईलवर निघाले. मुलीच्या वडिलांनी ठरलेल्या पैशांतून कपात केली. त्यांचंही चुकलं नाही, ती घडी पुन्हा थोडीच येणार होती!

आधी मी भाच्यालाच रागावलो. बघून घ्यायला नको होतं का? पण नंतर वाटलं, दोष एकट्या त्याचा नाही. सगळ्याच कंपन्यांची ही तऱ्हा आहे. कॅननच्या ६००डीला एलपी-ई८ बॅटरी लागते, १२००डीला एलपी-ई१०. निकॉनच्या डी५०००ची बॅटरी डी५१००ला चालत नाही. यातली कुठलीही बॅटरी घ्या, पोटात लिथियम-आयनचे दोन सेल आणि मिळून सात व्होल्टच्या आसपास. फरक मुख्यतः वरच्या खोक्याचा, टोकांच्या जागेचा आणि आतल्या चिपचा.

रोलचा जमाना आठवा. १९३४ मध्ये कोडॅकने ३५ मिलिमीटरचा रोल तयार डबीत भरून आणला आणि पुढे तीच डबी जगभर चालली. याशिका असो की निकॉन, रोल कुठल्याही दुकानातून घ्या. आजही एसडी कार्डाचं तेच आहे. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्या कार्डावर एकमत करू शकतात, मग बॅटरीवर का नाही?

कंपन्या म्हणतील, तंत्रज्ञान बदलतं, सुरक्षितता पाहावी लागते. लिथियमची स्वस्त नक्कल फुगते, हे खरंच आहे. पण कॅननचीच एलपी-ई६ बघा. २००८ मध्ये ती १८०० एमएएचची होती. पुढे त्याच आकारात २१३० एमएएचची आली आणि जुनी बॅटरी बऱ्याच नव्या कॅमेऱ्यांतही बसत राहिली. काही नव्या मॉडेलांत जुन्या बॅटरीवर सगळ्या सोयी मिळत नाहीत, पण निदान काम अडत नाही. म्हणजे मनात आणलं तर जमतं.

युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून मोबाईलसोबत डिजिटल कॅमेऱ्यांनाही टाइप-सी चार्जिंग सक्तीचं केलं. चांगलं झालं. पण तो नियम चार्जिंगच्या भोकापुरता आहे, बॅटरीच्या आकाराला तो हात लावत नाही. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. तिथे बॅटरीचाही विचार व्हावा. मागणी फार मोठी नाही. प्रत्येक बॅटरीवर ती कुठल्या मॉडेलांना चालते ते छापावं आणि एकदा ठरवलेला आकार निदान दहा वर्षं बदलू नये.

तोपर्यंत जुना कॅमेरा घेणाऱ्यांनी कंपनीच्या नावावर विसंबू नये. बॅटरीवरचा नंबर वाचावा आणि दुकानातच ती बसवून, कॅमेरा चालू करून बघावा.

भाच्याच्या कपाटात त्या चार बॅटऱ्या अजून आहेत. चारही चांगल्या आहेत. फेकून द्यायला त्याचं मन होत नाही आणि विकायला नेल्या तर दुकानदार विचारतो, "कॅमेरा कुठाय?"