लाल झालेली टिकली
चार्जिंगची पिन सैल झाली म्हणून फोन दुरुस्तीला दिला, तर दोन दिवसांनी तो स्क्रीनवर हिरवी रेघ घेऊन परत आला. काउंटरवरचा पोरगा शांतपणे म्हणाला, "काका, आत पाणी गेलंय." पुरावा म्हणून त्याने सिमच्या खाचेतली तांदळाएवढी टिकली दाखवली. पाणी लागलं की ती पांढऱ्याची लाल होते. खरंच लाल होती. पण कधी आणि कुणाच्या हातात भिजली, हे टिकली थोडंच सांगते! वर दुरुस्ती नको म्हटलं तरी 'तपासणी'चे ३५० रुपये. चूक माझीही. जॉबशीटवर 'स्क्रीन चांगली' एवढे दोन शब्द लिहून घेतले असते, देताना त्याच्यासमोर व्हिडिओ काढला असता, तर बोलायला तोंड राहिलं असतं. (पावती तर धुण्यात गेली.) तरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला शुल्क पडत नाही, मुदत २ वर्षांची. हे दुकानात जरा मोठ्याने बोललो. ३५० चे १५० झाले. रेघ आहेच, मेसेज वाचताना नेमकी बायकोच्या नावावरून जाते.