छायाचित्रांतील लष्करी गाड्यांच्या खुणा

सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजीं भाई कोतवाल व हिराजी पाटील हुतात्मे झाले. त्यांचें स्मारक तेथें उभें आहे. त्याच महायुद्धाच्या काळांत महाराष्ट्रांतील हजारों शिपाई आफ्रिकेंत व इटलींत इंग्रजांच्या सैन्यांत लढले. नामदेव जाधव, यशवंत घाडगे यांचीं नांवें व्हिक्टोरिया क्रॉसमुळें राहिलीं. इतरांचें स्मारक म्हणजे घरच्या पेटींतील एखादें छायाचित्र. लॉरीस टेकून उभा असलेला तरुण, आणि मागील बाजूस ना पथकाचें नांव, ना स्थळ. असें छायाचित्र आपल्या घरीं असल्यास वाचकांनीं चेहऱ्यानंतर लॉरीच्या मडगार्डाकडेही पाहावें.

गाडीवर मुख्यतः दोन खुणा असत. पहिली डिव्हिजनची. चौथ्या हिंदी डिव्हिजनचा काळ्या जमिनीवर तांबडा गरुड, पांचवीचा काळ्यावर तांबडा गोल, आठवीचीं तीन पिवळीं क्लोव्हर-पानें. कॅनडाच्या डिव्हिजनांच्या गाड्यांवर रंगीत आयत व त्यांत मेपलचें सोनेरी पान असे. पहिलीचा आयत तांबडा, दुसरीचा निळा. दुसरी खूण पथकाची: रंगीत चौकोन व त्यांत पांढरा आंकडा. पायदळाच्या तीन ब्रिगेडांपैकीं ज्येष्ठ ब्रिगेडचा चौकोन तांबडा, दुसरीचा हिरवा, तिसरीचा तपकिरी. तोफखान्याचा वर तांबडा व खालीं निळा.

येथें घोटाळा होतो तो रंगाचा. जुन्या फिल्मांपैकीं कित्येकींस तांबडा रंग दिसतच नसे. छायाचित्रांत तो काळा उमटे आणि निळा फिकट होई. म्हणून तांबडा गरुड काळ्या जमिनींत विरून जातो. अशा वेळीं रंगावर भिस्त न ठेवतां आकृति व आंकडा पाहावा. शिवाय युद्धकाळांत सेन्सॉर छायाचित्रांतील खुणा पुसून टाकी. कोरें मडगार्ड म्हणजे खूण नव्हतीच, असें मानूं नये.

दुसरा भ्रम गाडीच्या जन्मस्थानाचा. कॅनडांत बनलेल्या फोर्ड व शेव्हरोले लॉऱ्या हिंदी सैन्यांत विपुल होत्या. टाटांच्या कारखान्यांतील चिलखती गाड्याही कॅनडाच्या फोर्ड सांगाड्यावर उभारल्या जात. तेव्हां लॉरी कॅनडाची म्हणून पथक कॅनडाचें ठरत नाहीं. उलट मे १९४४ मध्यें गारी नदी ओलांडतांना आठव्या हिंदी डिव्हिजनच्या साह्यास कॅनडाचे रणगाडे होते. एकाच चित्रांत दोघांच्या खुणा सांपडणें मुळींच अशक्य नाहीं.

नैयायिक म्हणतात, डोंगरावर धूर दिसला कीं अग्नि अनुमानावा; परंतु धुकें हा धूर नव्हे, हें आधीं पारखावें लागतें. गाडी उसनी असेल, शिपाई केवळ तिच्याजवळ उभा राहिला असेल. म्हणून खुणेचा मेळ त्याच्या नोकरीच्या कागदाशीं, पदकाच्या कडेवरील अक्षरांशीं, टपालावरील तारखेशीं घालावा. मेळ बसला तर चित्रामागें मऊ पेन्सिलीनें पथक, स्थळ व वर्ष लिहावें; न बसला तर तेथें 'अनुमान' इतकाच शब्द लिहावा. ज्यानें आपल्यामागें दुसरें कांहीं ठेविलें नाहीं, त्याच्या नांवावर भलत्याच रणांगणाचा पराक्रम चढविणें हा सन्मान नव्हे. तें त्याचें खरें आयुष्य हिरावून घेणें होय.