दवाखाना तुमच्यावाचून चालू द्या

मैत्रिणींनो, आपल्या कुडाळसारख्या गावात कुणी स्वतःचा दवाखाना चालवते, कुणी नवऱ्याचा सांभाळते. चतुर्थीला चार दिवस घरी जायचे म्हटले की एकच घोर, मागे कोण बघणार?

जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केले. गावोगावच्या बायका निवडल्या, पुष्कळशा निरक्षर. त्यांना बाळंतपण, मुलांचे जुलाब, लसीकरण सारे शिकवले आणि पुन्हा पुन्हा उजळणी घेतली. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९ साली गेल्या, डॉक्टर २०११ साली. काम मात्र थांबले नाही. विद्या त्यांनी कुलपात ठेवली नव्हती ना!

आपणही तीन याद्या करून भिंतीवर लावाव्यात. पहिली, मदतनीस बाईने स्वतः करायची कामे: केसपेपर, वजन, ताप मोजणे, औषधांची मुदत पाहणे, रोजचा हिशेब. दुसरी, फोनवर विचारून करायची. तिसरी, क्षणभरही न थांबण्याची: सर्पदंश, छातीत कळ, धाप. लगेच १०८ ला फोन आणि ओरोसचे जिल्हा रुग्णालय. पावसाळ्यात शेतात राबणाऱ्याला ताप आला तर तो लेप्टोचाही असू शकतो. त्याला त्याच दिवशी दुसऱ्या डॉक्टरांकडे धाडावे. नवे औषध किंवा इंजेक्शन मात्र मदतनिसाने मनाने देऊ नये.

आधी अर्धा दिवस बाहेर राहून पाहा, मग पूर्ण. परतल्यावर वही वाचा, चुकले तिथे शांतपणे समजावा. चारचौघांत रागावलात, तर पुढच्या वेळी ती काहीच स्वतःहून करणार नाही.