‘बसतो’ या शब्दाची जबाबदारी

कापडाच्या गादीवर बसून आम्हाला तीस वर्षे होत आली. या धंद्यात एक गोष्ट नवा पोरगा पहिल्याच महिन्यात शिकतो. शेड नंबर तोच असला, पन्नाही तोच असला, तरी रंगाचा लॉट वेगळा असेल तर दोन तागे एकमेकांना लागत नाहीत. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली फरक कळत नाही. शिंप्याने बाही जोडली आणि गिऱ्हाईक उन्हात उभे राहिले की कळतो. ‘चालून जाईल’ म्हणून असा माल देणारा दुकानदार एक शर्ट बिघडवतो, गिऱ्हाइकाचे चार शब्द ऐकतो आणि गोष्ट तिथे संपते. मोटारसायकलच्या सुट्या भागांत ‘चालून जाईल’ म्हटले तर ती तिथे संपत नाही. म्हणून आज आपला धंदा सोडून दुसऱ्याच्या धंद्यावर लिहिण्याचे धाडस आम्ही करीत आहोत. गॅरेजवाले, लेथवाले, स्पेअरपार्टवाले, जुन्या मालाचे व्यापारी या सर्वांत आपले भाऊबंद मोठ्या संख्येने आहेत, हेही त्याचे एक कारण आहे.

आम्ही देहूचे. वारीच्या दिवसांत उपरणी आणि टोप्या विकतो, एरवी शर्टिंग आणि ड्रेस मटेरियल. इंद्रायणी ओलांडून पलीकडे गेले की म्हाळुंगे आणि चाकणचा कारखान्यांचा पट्टा लागतो. बजाजच्या तिथल्या कारखान्यात पल्सर, डोमिनार, के.टी.एम. ड्यूक बनत आल्या. २०२३ पासून ट्रायंफची ४०० सी.सी.ची गाडीही तिथेच बनू लागली. आमचा भाचा त्या पट्ट्यातल्या एका लहान युनिटमध्ये कामाला आहे. त्याने २०१८ सालची डोमिनार ४०० जुनी घेतली. एका रात्री दुसऱ्या पाळीवरून परतताना गाडी खड्ड्यात आदळली आणि पुढचे शॉकअप वाकले. ज्या मुलुखात ती गाडी जन्मली तिथेच तिच्या शॉकअपसाठी त्याला तीन आठवडे वणवण करावी लागली.

कंपनीच्या काउंटरवर किंमत ऐकून तो गप्प झाला, आणि माल कधी येईल याची तारीख कोणी सांगेना. मग तो जुन्या मालाच्या एका व्यापाऱ्याकडे गेला. आम्हीही सोबत होतो. त्याने त्याच गाडीची पण नंतरच्या सालची एक चकचकीत जोडी काढून दाखवली. “बसेल चाचा, गाडी तीच आहे. त्याचाही पाइप ४३चा, याचाही ४३चा.” मापे खरी होती. पैसे दिले, जोडी घरी आली, आणि बसली नाही.

का बसली नाही, ते आम्हाला एका वयस्कर उस्तादांनी समजावले. २०१६च्या डिसेंबरमध्ये आलेल्या पहिल्या डोमिनारचे शॉकअप सरळ होते. त्यात ४३ मिलिमीटरचा बारीक पाइप वर असतो आणि जाड नळी खाली, चाकाकडे. एप्रिल २०१९मध्ये आलेल्या गाडीत शॉकअप उलटे झाले: जाड नळी वर आणि ४३चा पाइप खाली. हँडलखाली दोन्ही शॉकअप धरून ठेवणारी जी टी असते, ती पहिल्या गाडीत बारीक पाइप पकडते, दुसरीत जाड नळी. आकडा एकच, पण जागा वेगळी. शिवाय ब्रेकचा कॅलिपर बसवण्याची पद्धतही बदललेली.

दुसऱ्या एका गॅरेजवाल्याने तोड सुचवली होती. “मामू, लेथवर टीचे भोक मोठे करून आणतो, दोन तासांचे काम आहे.” भाचा तयार झाला होता. कारण गाडी बंद म्हणजे त्याचा ओव्हरटाइम बंद. उस्तादांनी त्याला विचारले, “भोक मोठे केल्यावर कडेला धातू किती राहील? ताशी ऐंशीला ब्रेक मारलास की सगळा भार त्याच कडेवर येतो.” पोराने मान खाली घातली. ते उस्ताद त्या दिवशी भेटले नसते तर काय झाले असते, हा विचार आजही आमची झोप उडवतो.

माल परत करायला गेलो तेव्हा व्यापाऱ्याने चिठ्ठी मागितली. चिठ्ठीवर लिहिले होते ‘शॉकअप जोडी १’ आणि खाली रक्कम. कोणत्या सालच्या गाडीची, कोणत्या गाडीसाठी दिली, काहीच नाही. भांडायला जागाच नव्हती. आम्ही स्वतः व्यापारी असून अशी चिठ्ठी घेऊन आलो, ही चूक आमचीही आहे.

ही अडचण एकट्या डोमिनारची नाही. ड्यूक ३९० आणि डोमिनार या एकाच कारखान्याच्या गाड्या, दोघींचे इंजिन ३७३ सी.सी.चे, बोअर ८९ आणि स्ट्रोक ६०. पण पहिल्या डोमिनारच्या हेडमध्ये एकच कॅमशाफ्ट, ड्यूकमध्ये दोन. डोमिनारला दोन कॅमशाफ्ट मिळाले ते २०१९मध्ये. पुढे २०२३च्या ड्यूकमध्ये बोअर ८९च राहिला, स्ट्रोक मात्र ६४ झाला. बुलेटचेही तसेच. जुन्या लोखंडी इंजिनाचे बोअर-स्ट्रोक ७० आणि ९०, आणि त्यानंतर गिअरबॉक्ससकट एका खोक्यात आलेल्या इंजिनाचेही ७० आणि ९०च. दोन्ही ३४६ सी.सी.चे, पण घडण सर्वस्वी वेगळी. मग २०२३ची बुलेट आली ती ३४९ सी.सी.ची, ७२ बोअरची. टाकीवर नाव तेच. टाकी पाहून पार्ट देणारा माणूस इथेच फसतो, आणि गिऱ्हाइकालाही फसवतो.

उलट काही माल असा आहे की त्याचा आकडा डोळे झाकून मानावा. ६२०४चा बेअरिंग कोणत्याही देशात बनो, आत २०, बाहेर ४७, जाडी १४ मिलिमीटरच. ११०/७०-१७ आणि १५०/६०-१७ हे टायर ड्यूकलाही लागतात, डोमिनारलाही. चेनच्या ४२८ आणि ५२० या नंबरांचेही माप जगभर ठरलेले आहे. प्लगचा आकडा मात्र धोका देतो. एन.जी.के.च्या प्लगवर आकडा वाढला की प्लग थंड, बॉशच्या प्लगवर आकडा वाढला की प्लग गरम. आटे जुळले म्हणून प्लग बसवला आणि तो इंजिनाला फार गरम पडला तर पिस्टन जळू शकतो. ब्रेक ऑइलमध्ये डॉट ४ आणि डॉट ५.१ एका जातीचे, मधला डॉट ५ मात्र सिलिकॉनचा, तो त्यांच्यात मिसळू नये. कोणता आकडा पुरेसा आणि कोणता अपुरा, हे ज्याला ठाऊक तोच खरा पार्टवाला.

यावर आमचे कारीगर म्हणतील, ‘जमवून घेणे’ हाच तर आमचा हुन्नर आहे. हे आम्हाला मान्य आहे. म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना १९९६मध्ये बंद पडला. तरी येझदी रस्त्यावर राहिल्या त्या लेथवाल्यांच्या आणि उस्तादांच्या हातांमुळे. त्या हातांना आमचा सलाम आहे. पण आरसा, इंडिकेटर, फूटरेस्ट जमवणे वेगळे, आणि ब्रेक, शॉकअप, चाक, हँडल जमवणे वेगळे. पहिल्यात चूक झाली तर पैसे जातात, दुसऱ्यात माणूस जातो.

दोष सगळा लहान दुकानदाराचा आहे, असेही आम्ही म्हणत नाही. कंपन्या पार्टची यादी आणि माल आपल्याच काउंटरपुरता राखतात तेव्हा गल्लीतल्या कारीगराला अंदाजावर चालावे लागते. ऑगस्ट २०१४मध्ये स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना सुटे भाग खुल्या बाजारात मिळू न दिल्याबद्दल सुमारे २५४५ कोटी रुपयांचा दंड सुनावला. पुढे प्रकरण अपिलात गेले. तो निकाल मोटारींचा होता, पण दुखणे दुचाकीवाल्यांचेही तेच आहे. केंद्र सरकारने जुलै २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात वाहनांचाही विषय घेतला, आणि त्या डिसेंबरमध्ये त्यासाठी पोर्टल उघडले. गॅरेजवाल्यांच्या संघटनांनी या मार्गाने पार्ट नंबरांच्या याद्या आणि माल मागत राहिले पाहिजे.

पण कंपनी देईपर्यंत आपल्या हातातले काम आपण का थांबवावे? पूर्वी तोंडी शब्द चालत असे, कारण दुकान जागेवर असे. आज फसलो तर उद्या त्याच दारात उभे राहता येत होते. फेब्रुवारी २०२५मध्ये चिखली-कुदळवाडीतली भंगाराची गोदामे महापालिकेने मोठ्या प्रमाणावर पाडली आणि तिथले व्यापारी पांगले. कोणाचा माल कुठून येतो, कोण कुठे बसतो, हे आता सांगता येत नाही. दार हलले की तोंडी शब्दाचा आधारही हलतो, मग कागदच कामाला येतो.

म्हणून पार्ट विकणाऱ्या भावांना आमची विनंती आहे. चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहा. पार्ट कोणत्या मॉडेलचा आणि कोणत्या सालचा आहे. तो कंपनीचा आहे, दुसऱ्या कारखान्याचा आहे की वापरलेला. आणि तो आहे तसा बसेल की त्यासाठी काही कापावे, घासावे लागेल. यापैकी काही ठाऊक नसेल तर ‘ठाऊक नाही’ असे लिहा. ऐब सांगून विकलेला माल परत येत नाही, लपवून विकलेला नेहमी येतो, हा आमचा गादीवरचा अनुभव आहे. कंपनीच्या नावाच्या नकली डब्यात माल भरून विकणे हा तर सरळ गुन्हा आहे, त्यावर अधिक बोलण्याची गरज नाही.

गॅरेजवाल्यांनी एक वही ठेवावी. कोणत्या सालच्या गाडीला कोणत्या नंबरचा पार्ट लागला, काय बसले नाही आणि का, हे त्या दिवशीच लिहून काढावे. काही उस्ताद हे ज्ञान गुपित म्हणून जपतात. त्यांची रोजी त्यावर आहे, हे आम्ही समजू शकतो. पण गिऱ्हाईक वहीकडे येत नाही, हाताकडे येते. शागिर्दाला वही दिल्याने हात रिकामा होत नाही. आणि गिऱ्हाइकाने दुकानात जाताना जुना पार्ट आणि चॅसी नंबर सोबत न्यावा. १७ अक्षरांच्या त्या नंबरात गाडीचे सालही दडलेले असते.

भाच्याने शेवटी कंपनीचीच जोडी मागवली आणि महिनाभर कंपनीच्या बसने कामावर गेला. ती चकचकीत जोडी आमच्या गोदामात तशीच पडून आहे. कोणाकडे २०१९ किंवा नंतरची डोमिनार असेल तर यावे, नंबर ताडून पाहावा आणि रास्त भावात घेऊन जावी. चिठ्ठीवर सगळे लिहून देऊ.